घटक ५ : शेअरच्या किमतींचा इतिहास – वाचन आणि उपयोग

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• शेअरबाजाराच्या दैनिक नोंदीतील आकड्यांचा अर्थ सांगता येईल.
• समायोजित आणि असमायोजित किंमत यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• कालखंडाच्या निवडीमुळे परताव्याचा आकडा कसा बदलतो, हे उदाहरणाने दाखवता येईल.
• जुन्या किमतींवरून जोखमीचा अंदाज घेता येईल आणि त्या अंदाजाच्या मर्यादा ओळखता येतील.

५.२ प्रास्ताविक

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरील शेअरबाजाराची संघटना १८७५ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय शेअरबाजारात शेअरचे व्यवहार १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावर सुरू झाले. पूर्वी एखाद्या शेअरचा जुना भाव पाहायचा, तर वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळावे लागत. आज दोन्ही बाजारांच्या संकेतस्थळांवर कित्येक वर्षांचे भाव कोणासही विनामूल्य पाहता येतात.

माहिती सुलभ झाली, तसा तिचा सोयीस्कर वापरही वाढला. ‘अमुक शेअर पाच वर्षांत दहापट झाला’ असे सांगणारा आलेख दाखवून शेअर विकत घेण्याचा आग्रह केला जातो. ऐकणाऱ्याच्या हाती निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम असते किंवा मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे असतात. आलेख खोटा असतोच असे नाही. पण खरा आकडाही दिशाभूल करू शकतो. म्हणून तो वाचण्याची रीत शिकणे आवश्यक ठरते.

या घटकाचा मुख्य मुद्दा असा : किमतींचा इतिहास ही घडून गेलेल्या व्यवहारांची नोंद आहे. पुढे किती मिळेल, याचे वचन तीत नसते. वाट किती खडतर असू शकते, हे मात्र ती सांगते.

५.३ दैनिक नोंदीचे वाचन

बाजाराच्या भावपत्रकात प्रत्येक शेअरपुढे त्या दिवसाचा सुरुवातीचा भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि व्यवहार झालेल्या शेअरांची संख्या दिलेली असते. इतिहासाचा आलेख बहुधा बंद भावांवरून काढतात. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या रूढ पद्धतीनुसार बंद भाव म्हणजे दिवसातील अगदी शेवटच्या सौद्याचा भाव नव्हे. अखेरच्या अर्ध्या तासातील सर्व सौद्यांची, शेअरांच्या संख्येनुसार काढलेली भारित सरासरी म्हणजे बंद भाव. त्यामुळे शेवटच्या क्षणी झालेल्या एखाद्या चढ्या सौद्याचा परिणाम मर्यादित राहतो.

भावाइतकेच लक्ष शेअरांच्या संख्येकडे द्यावे. ज्या शेअरचे दिवसभरात जेमतेम शंभर-दोनशे नग विकले जातात, त्याचा छापील भाव आपल्याला विक्रीच्या वेळी मिळेलच असे नाही. अशा शेअरची किंमत थोड्या सौद्यांनी वर चढवताही येते.

५.४ समायोजित किंमत

कंपनी एका शेअरमागे एक बक्षीस शेअर, म्हणजे प्रचलित भाषेत बोनस, देते तेव्हा शेअरांची संख्या दुप्पट होते आणि बाजारातील किंमत साधारण निम्मी होते. शेअरचे विभाजन केले, म्हणजे दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे पाच रुपयांचे दोन शेअर केले, तरी हेच घडते. मूळ नोंदीत त्या दिवशी मोठी घसरण दिसते. प्रत्यक्षात कोणाचे नुकसान झालेले नसते. हा भास टाळण्यासाठी जुन्या किमतींना योग्य संख्येने भागून घेतात. तिला समायोजित किंमत म्हणतात.

इन्फोसिसचे उदाहरण पाहू. १९९३ मध्ये या कंपनीने ९५ रुपये दराने शेअरविक्री केली. १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकास एक बोनस दिला. २००० मध्ये विभाजन केले. २००४ मध्ये एकास तीन बोनस दिला. त्यानंतर २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये पुन्हा एकास एक बोनस दिला. मूळचे १०० शेअर अशा रीतीने १,०२,४०० झाले, म्हणजे १,०२४ पट. म्हणून आजच्या शेअरशी तुलना करताना मूळच्या ९५ रुपयांना १,०२४ ने भागावे लागते. उत्तर येते सुमारे ९ पैसे.

येथे एक खबरदारी घ्यावी. भाकरीचे दोनाऐवजी चार तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. शेअरांची संख्या वाढणे हा स्वतःहून लाभ नव्हे. लाभ कंपनीच्या व्यवसायवाढीतून होतो. उलट बाजूने, एमआरएफच्या एका शेअरने जून २०२३ मध्ये एक लाख रुपयांची पातळी ओलांडली, याचे एक कारण कंपनीने दीर्घकाळ शेअरचे विभाजन केले नव्हते, हे आहे. शेअरचा आकडा मोठा म्हणजे तो महाग आणि लहान म्हणजे स्वस्त, ही समजूत चुकीची आहे.

लाभांशाचाही विचार करावा लागतो. सेन्सेक्स आणि निफ्टी यांचे नेहमी सांगितले जाणारे आकडे केवळ किमतींवर आधारलेले असतात. लाभांश त्यांत धरलेला नसतो. लाभांश पुन्हा गुंतवला असे मानून काढलेला ‘एकूण परतावा निर्देशांक’ वेगळा असतो आणि दीर्घ काळात तो बराच पुढे जातो. म्युच्युअल फंडांनी आपल्या कामगिरीची तुलना या दुसऱ्या निर्देशांकाशी करावी, असे सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून बंधनकारक केले. तोवर फंडाच्या लाभात लाभांश धरला जाई आणि तुलनेच्या मापात तो नसे.

५.५ कालखंडाची निवड

सेन्सेक्सचे आधारवर्ष १९७८-७९ असून आधारमूल्य १०० आहे. मार्च २०१९ अखेरीस तो सुमारे ३८,६७० होता. चाळीस वर्षांतील ही वाढ चक्रवाढीने दरसाल सुमारे १६ टक्के पडते. हा आकडा अचूक आहे. पण चाळीस वर्षे सतत गुंतवणूक ठेवणारे थोडेच. आता दोन लहान कालखंड घेऊ.

(अ) ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. बरोबर दहा वर्षांनी तो सुमारे ३४,३५० होता. चक्रवाढ दर : दरसाल सुमारे ५ टक्के.

(आ) ९ मार्च २००९ रोजी सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला. बरोबर नऊ वर्षांनी तो सुमारे ३३,३०० होता. चक्रवाढ दर : दरसाल सुमारे १७ टक्के.

दोन्ही कालखंड २०१८ च्या पहिल्या तिमाहीत संपतात. निर्देशांक एकच आहे. आरंभाची तारीख चौदा महिन्यांनी पुढे सरकली, एवढाच फरक. तरी उत्तर तिपटीहून अधिक बदलले. ज्याला शेअर विकायचे आहेत तो (आ) दाखवील, ज्याला परावृत्त करायचे आहे तो (अ) दाखवील; खोटे कोणीच बोलणार नाही. म्हणून परताव्याचा कोणताही आकडा समोर आला, की ‘आरंभ कोणत्या दिवसापासून धरला आणि तोच दिवस का?’ हा प्रश्न प्रथम विचारावा. शक्य असल्यास निरनिराळ्या वर्षी सुरू होणारे अनेक कालखंड घेऊन त्यांतील सर्वांत वाईट, मधला आणि सर्वांत चांगला असे तिन्ही परतावे लिहून काढावेत.

५.६ घसरणीचा अभ्यास

गुंतवणूकदाराला इतिहासाचा सर्वांत मोठा उपयोग येथे होतो. वरील (अ) आणि (आ) यांच्या आरंभबिंदूंमधील चौदा महिन्यांत सेन्सेक्स २०,८७३ वरून ८,१६० वर आला. ही घसरण सुमारे ६१ टक्के होती. दोन लाख रुपयांची गुंतवणूक त्याच प्रमाणात घटली असती, तर सुमारे ७८ हजार उरले असते. आणि ६१ टक्क्यांची घसरण भरून येण्यास ६१ टक्क्यांची वाढ पुरत नाही; उरलेल्या लहान रकमेवर सुमारे १५६ टक्के वाढ व्हावी लागते.

भरपाईला लागणारा काळही सारखा नसतो. जानेवारी २०२० मधील ४१,९५२ वरून सेन्सेक्स २३ मार्च २०२० रोजी २५,९८१ पर्यंत उतरला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये जुनी पातळी ओलांडून गेला. याउलट, हर्षद मेहता प्रकरणाच्या सुमारास, एप्रिल १९९२ मध्ये, तो ४,४६७ वर पोहोचला होता. मध्यंतरी त्याहून वर जाऊनही एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास होता. त्या अकरा वर्षांत ज्याचे मूल महाविद्यालयात गेले, त्याला थांबण्याची मुभा नव्हती.

यावरून एक व्यावहारिक नियम काढता येतो. जे पैसे येत्या तीन-चार वर्षांत ठरलेल्या कामासाठी लागणार आहेत, ते शेअरमध्ये असू नयेत. कारण इतिहासात याहून दीर्घ मंदीचे पुरावे आहेत. उरलेल्या पैशांबाबत ‘ही रक्कम निम्म्याहून कमी झालेली पाहूनही मी ती काढणार नाही ना?’ असे स्वतःस विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर रक्कम कमी करावी.

५.७ नोंदीत न दिसणारे

पहिली मर्यादा म्हणजे केवळ टिकून राहिलेल्यांचा हिशेब. आजच्या सेन्सेक्समधील तीस कंपन्यांचा मागील इतिहास पाहिला, तर तो उज्ज्वल दिसणारच. कारण मागे पडलेल्या कंपन्या यादीतून आधीच वगळलेल्या असतात. सत्यम कॉम्प्युटर ही सेन्सेक्समधील कंपनी होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेबातील गैरव्यवहाराची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात ७५ टक्क्यांहून अधिक कोसळला. आदल्या दिवसापर्यंतच्या किमतींत या बातमीची स्पष्ट खूण नव्हती. त्याच महिन्यात ती सेन्सेक्समधून वगळली गेली.

दुसरी मर्यादा : एका देशाचा इतिहास हा सार्वत्रिक नियम नव्हे. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेली पातळी ओलांडण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडले. ‘बाजार कधीतरी सावरतोच’ हे विधान खरे मानले, तरी ‘कधीतरी’ हा शब्द चौतीस वर्षांचा असू शकतो.

५.८ सारांश

किमतींची नोंद वाचताना चार प्रश्न विचारावेत. किंमत समायोजित आहे काय? लाभांश धरला आहे काय? कालखंड कोणी आणि का निवडला? यादीतून कोण गळाले आहे? यांची उत्तरे मिळाल्यावरच परताव्याच्या आकड्याकडे वळावे. जुन्या किमतींवरून उद्याचा भाव काढता येत नाही. आपण किती नुकसान आणि किती प्रतीक्षा सोसू शकतो, हे मात्र पैसे गुंतवण्यापूर्वी ठरवता येते.

५.९ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. एका शेअरची किंमत ६०० रुपये असताना कंपनीने एकास दोन, म्हणजे एका शेअरमागे दोन, बोनस शेअर दिले. समायोजित किंमत किती?
२. ४० टक्के घसरणीनंतर मूळ रक्कम परत येण्यास किती टक्के वाढ लागेल?
३. आपल्या परिचयाच्या एखाद्या कंपनीचे दहा वर्षांचे वर्षअखेरचे समायोजित भाव मिळवा. त्यांतील सर्वांत मोठी घसरण आणि ती भरून येण्यास लागलेला काळ नोंदवा.

उत्तरे : १. २०० रुपये. २. सुमारे ६७ टक्के.