एकाला दोन!

नगर जिल्हा म्हटला की लोकांना साखर आठवते, दुष्काळ आठवतो, शिर्डी आठवते. आता या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. पण नाव बदलले म्हणून आमच्या बाजारांतला धुरळा काही कमी झालेला नाही. क्रिकेटसाठी मात्र आम्हांला कुणी ओळखत नाही. वास्तविक श्रीरामपूरने झहीर खान दिला आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दने अजिंक्य रहाणे. दोघेही मोठे झाले ते मुंबईच्या मैदानांवर, हे मला मान्य आहे. पण जन्मगावाचा हक्क जन्मगाव सोडीत नाही!

आणि गंमत पाहा, या दोघांचाही एकेकदा सौदा झाला. लिलाव नव्हे, चक्क अदलाबदल.

माझे थोरले मामा लोणीचे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी जनावरांच्या बाजारात काढली. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरविणाऱ्या पिढीतले ते. २०२० साली रोगराईमुळे आयपीएलचे सामने अरबांच्या मुलखात, रिकाम्या मैदानांवर झाले, तेव्हा मामा आमच्या घरी संगमनेरला मुक्कामाला होते. बाहेर जाण्याची सोय नाही. मग रोज संध्याकाळी मी, मामा आणि माझा पुतण्या दूरदर्शन-संचापुढे. पुतण्याने त्यांना समजावून सांगितले, की अजिंक्य पूर्वी राजस्थानचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानने तो दिल्लीला दिला आणि बदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया हे दोघे घेतले.

"एकाला दोन?" मामा सावरून बसले. "मंग खोंड भारी असंल."

पण हे भारी खोंड पहिले सहा सामने दावणीलाच बांधलेले! दिल्लीने त्याला खेळविलेच नाही. तिकडे २७ सप्टेंबरला शारजात तेवतियाने कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार ठोकले आणि राजस्थानने २२४ धावांचे लक्ष्य गाठले. मामांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू तो सौदा मीच केला होता. त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही, हे कबूल करतो.

अमेरिकेत बेसबॉलच्या संघांत भर हंगामात अशी देवाणघेवाण चालते. स्पर्धा अर्ध्यावर आली, की आशा असलेला संघ तयार गडी आणतो आणि आशा सोडलेला संघ त्याच्या बदल्यात कोवळी पोरे घेतो. आपल्याकडेही त्या वर्षी एक नियम होता, की सात सामने झाल्यावर, दोनांहून अधिक सामने न खेळलेला गडी दुसऱ्या संघाला उसना देता येईल. अशा गड्यांच्या याद्या वर्तमानपत्रांत झळकल्या आणि त्यांत अजिंक्यचेही नाव! एप्रिल २०१९ मध्ये राजस्थानने ऐन हंगामात त्याचे कप्तानपद काढून स्टीव्ह स्मिथला दिले होते, आणि दोनच दिवसांनी जयपुरात याच दिल्लीविरुद्ध त्याने नाबाद १०५ धावा काढल्या होत्या. (सामना राजस्थान हरले, ही गोष्ट वेगळी.) अशा माणसाची उसनवारी? मला ते फार लागले. मामांना त्यात काहीच वावगे वाटले नाही.

"काका, या सौद्यांचा काही भरवसा नसतो," पुतण्या म्हणाला आणि त्याने झहीरची हकीकत काढली. जानेवारी २००९ मध्ये बंगलोरने झहीर मुंबईला दिला आणि रॉबिन उथप्पा घेतला. आधीच्या वर्षी मुंबई पाचवी होती, बंगलोर सातवे. आमचा झहीर येताच मुंबई वर चढेल, असे मी चारचौघांत छातीठोकपणे सांगितले होते. झाले उलटेच! झहीरचा खांदा दुखावला, मुंबई सातवी आली आणि बंगलोर थेट अंतिम सामन्यात. ते आठवून मी गप्प बसलो.

ऑक्टोबर संपता संपता दिल्लीची गाडी घसरली. पहिल्या नऊ सामन्यांत सात विजय मिळविणारा संघ लागोपाठ चार सामने हरला. तोवर अजिंक्यला संघात घेतले होते खरे, पण धावा नव्हत्या. आता उरला एकच साखळी सामना: २ नोव्हेंबर, अबू धाबी, समोर बंगलोर. दोघांचेही चौदा गुण. जिंकेल तो दुसऱ्या स्थानावर, आणि पहिल्या दोघांना पुढे एक सामना हरला तरी दुसरी संधी असते. हरेल त्याने धावगतीची त्रैराशिके मांडीत बसावे. दिल्लीने त्याआधी कधी अंतिम सामना पाहिलेला नव्हता, हे ध्यानात घ्या.

बंगलोरच्या झाल्या १५२. पृथ्वी शॉ लवकर परतला आणि अजिंक्य तिसऱ्या क्रमांकावर आला. मामा म्हणाले, "आता चालवा म्हणावं."

आणि तो चालला! कुठे आडदांडपणा नाही, झोडपाझोडपी नाही. शिखर धवनबरोबर ८८ धावांची भागी, स्वतःच्या ४६ चेंडूंत ६०. मध्येच बंगलोरची वेगळीच कसरत सुरू झाली. दिल्लीने साडेसतरा षटकांच्या आत सामना संपविला नाही, तर हरूनही त्यांची धावगती कलकत्त्याहून सरस राहणार होती. पुतण्या कागद-पेन्सिल घेऊन बसला. मामांना काही केल्या पटेना, की हरणाराही घरी जाणार नाही. एकोणिसाव्या षटकात दिल्ली जिंकली आणि दोघेही पुढे गेले. "ह्यो कसला बाजार, दोघांचाबी नफा?" मामांनी विचारले. घरातली मंडळी जागी होईपर्यंत आम्ही हसलो.

पुढचे लवकर सांगतो, कारण सांगायला सुख नाही. ५ नोव्हेंबरला मुंबईविरुद्ध दिल्लीचे पहिले तीन फलंदाज शून्यावर गेले; त्यांत अजिंक्य होता. हैदराबादला हरवून दिल्लीने अंतिम सामना गाठला. १० नोव्हेंबरला अजिंक्य २ धावांवर बाद आणि मुंबई पाच गड्यांनी विजयी. राजस्थान, पाच षटकारांचा तेवतिया असूनही, त्या वर्षी तळाला राहिले. तेव्हा सौदा कुणाला लाभला, हे तुम्हीच ठरवा; मी आणि पुतण्या अजून भांडतो.

दोन दिवसांनी वसुबारस होती. मामा शेजाऱ्यांच्या गायीच्या कपाळाला हळदकुंकू लावून आले आणि ओट्यावर टेकले.

"पुढल्या साली त्याला ठेवत्यात का इकत्यात रं?"

"ठेवतील मामा," मी म्हणालो.

ठेवले, पण २०२१ मध्ये खेळविले दोनच सामने.