गंमत होती, मॅडम

सकाळी ८. पहिल्या शिफ्टचा चहा. जळगाव एमआयडीसीतला पाइपचा कारखाना. मी इथली एचआर. पलीकडच्या बाकावर नव्या शिफ्ट इन्चार्जची चर्चा चाललीय. "एकदम हिटलर आहे भो. पण असाच पाहिजे." त्यातलं 'असाच पाहिजे' मला फार टोचतं. साठ लाख ज्यूंना मारणाऱ्या राजवटीला आपण शिस्तीचं प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होतो. २००६ साली खारघरमध्ये एका उपाहारगृहाला हिटलरचं नाव दिलं होतं. ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते बदललं. आमच्या कॅन्टीनमध्ये हरकत घ्यायला कोणी ज्यू नाही. म्हणून मी त्या बाकावर जाऊन बसते आणि एवढंच विचारते, "कडक म्हणा ना, हिटलर कशाला?"

९:४५. ठाण्याहून गुणवत्ता तपासणीसाठी ऑडिटर आलेत. आडनाव कोकणातल्या गावावरून. स्टोअरचे प्रमुख आपुलकीने चौकशी करतात, "कोकणस्थ का साहेब?"

"नाही, बेने इस्राएल. ज्यू."

"मग काय! हिशेबात तुम्हाला कोण गंडवणार? पैसा तुमच्या रक्तातच."

सगळे हसतात. ऑडिटरही हसतात आणि रजिस्टर पुढे ओढतात.

हा शेरा युरोपातून आलेला आहे. तिथे मध्ययुगात ज्यूंना जमीन आणि बरेच धंदे बंद होते, चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायची बंदी केली होती. काही ज्यू सावकारीकडे ढकलले गेले आणि मग त्याच कामावरून सगळ्या जमातीला दूषणं मिळाली. रायगडातल्या बेने इस्राएलांचा यात संबंधच नव्हता. ते घाण्यावर तेल काढत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी बोलत. शेंगदाणा आणि सरकी पिकवणाऱ्या खानदेशाला हा माणूस परका वाटायचं कारण काय?

१०:३०. स्टोअरचे प्रमुख केबिनमध्ये. "गंमत होती, मॅडम. उलट कौतुकच केलं मी."

मला ते मनापासून खरं वाटतं, आणि म्हणूनच काळजी वाटते. मी म्हणते, "दादा, उद्या त्यांनी तुमच्या स्टॉकमध्ये तफावत काढली, तर ती ऑडिटरने काढली म्हणाल, की ज्यूने?" ते बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहतात. माणसाच्या कामाआधी त्याचा जात-धर्म मोजला की कौतुक आणि संशय यांत एका तफावतीचंच अंतर उरतं. मी त्यांना नोटीस देत नाही. चारचौघांत बोललात, तर चारचौघांतच दोन शब्द बोला, एवढं सांगते.

११:१५. ऑडिटरांना एकटं गाठते. तक्रार करायची का, हे ठरवायचा अधिकार त्यांचा.

"लेखी काही नको. हसलो नाही, तर पुढचं काम अवघड होतं. म्हणून हसतो."

तेवढ्यात त्यांच्या वेळापत्रकावर नजर जाते. समारोपाची बैठक शुक्रवारी संध्याकाळी पाचला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ सुरू होतो. तोवर ते ठाण्याला घरी पोचणं शक्यच नाही. त्यांनी बदल मागितलाही नव्हता. प्लांट हेडना फोन लावते. "एका माणसासाठी?" ते विचारतात. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी निम्मी लाइन रिकामी होते तेव्हा आपण शिफ्ट फिरवतोच, मी आठवण करून देते. बैठक गुरुवारवर येते.

१२:३०. धुळ्याला. एरंडोल, पारोळा, ऊन.

२:३०. धुळ्याच्या युनिटमध्ये नव्या प्रशिक्षणार्थींचा वर्ग. आकाशवाणीची सकाळची धून माहीत आहे का, विचारते. दोन-चार जण गुणगुणतात. ती ज्यांची मानली जाते ते वॉल्टर काउफमान ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३४ साली, युरोप सोडून मुंबईला आले. मग एक मुलगा विचारतो, "मॅडम, गाझात लहान मुलं मरताहेत, ते बोलायचंच नाही का?"

बोलायचं. जरूर बोलायचं. इस्राएलच्या सरकारवर, त्याच्या लष्करावर कितीही कठोर टीका करायचा हक्क आहे, आणि मेलेल्या मुलांसाठी रडणं हा द्वेष नव्हे. पण त्या मुलाच्याच मोबाइलवर आलेल्या फॉरवर्डमध्ये लिहिलंय की हिटलरने काम अर्धवट सोडलं. इथे टीका संपली. दुसऱ्या एका मुलाकडच्या फॉरवर्डमध्ये याच हिटलरची थोरवी आहे, फक्त ती मुसलमानांना धडा शिकवायला. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. फळ्यावर दोन्ही संदेश शेजारी लिहिले तेव्हा वर्ग गप्प झाला. २००८ आणि २०१३ च्या दंगली पाहिलेल्या धुळ्याला, एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या मोहल्ल्याला जबाबदार धरलं की काय होतं, हे मी वेगळं सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी ७:३०. परत जळगाव. स्टोअरच्या प्रमुखांनी दुपारच्या चहाला ऑडिटरांसमोर दिलगिरी व्यक्त केली, असा निरोप आहे.

८:१५. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने समिती सक्तीची केली. धर्मावरून मारलेल्या टोमण्यासाठी खासगी कारखान्यात तशी सक्ती नाही. म्हणून आमच्या आचारसंहितेत कलम घालायचा मसुदा करतेय. तक्रार कोणाकडे, किती दिवसांत उत्तर, कंपनीच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डला जबाबदार कोण. 'गंमत होती' हा खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही, हे वाक्य वरून कोणी काढायला सांगितलं तरी मी भांडणार आहे.