नैसर्गिक मारक पेशी नेमके काय तपासतात?

‘नैसर्गिक मारक पेशी’ म्हटले की परके दिसेल त्यावर तुटून पडणारी पेशी डोळ्यांपुढे येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. या पेशी (एनके पेशी) समोरच्या पेशीवर आपलेपणाची खूण आहे की नाही, हेही पाहतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील क्लास केरे आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये हे उंदरांवर दाखवले. एकाच कर्करोगाच्या पेशींचे दोन प्रकार त्यांनी वापरले. ज्यांच्यावर ती खूण शाबूत होती त्या पेशी वाढत राहिल्या. ज्यांची खूण जवळपास गेली होती त्यांचा एनके पेशींनी फडशा पाडला.

माणसात ही खूण म्हणजे पहिल्या वर्गाचे एचएलए रेणू. केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर ते असतात. एनके पेशीवरचे ‘केआयआर’ आणि ‘एनकेजी2ए’ हे ग्राही त्यांना चिकटले की हल्ला रोखला जातो. एचएलए-ई या रेणूची व्यवस्था तर थक्क करणारी आहे. इतर एचएलए रेणू तयार होताना त्यांचा जो छोटा तुकडा कापला जातो, तो मिळाला तरच एचएलए-ई पृष्ठभागावर नीट टिकतो. म्हणजे या एका रेणूवरून आतले एचएलए उत्पादन सुरळीत आहे का, हे कळते. एचएलए पाहून संसर्ग ओळखणाऱ्या टी पेशींपासून लपण्यासाठी विषाणूने ते दाबले, की तो एनके पेशींच्या तावडीत सापडतो.

मग खूण नसली की मरण ठरलेलेच, असा दुसरा गैरसमज होतो. लाल रक्तपेशींवर एचएलए नगण्य असते, तरी त्या सुमारे 120 दिवस रक्तात फिरतात. ब्रेक सोडला तरी सपाट रस्त्यावर गाडी जागची हलत नाही, तसेच हे. हल्ल्यासाठी चेतवणारा संकेतही लागतो. विषाणूचा संसर्ग झाला किंवा डीएनएला इजा झाली की पेशीवर ‘मिका’, ‘मिकबी’ असे रेणू उमटतात आणि एनके पेशीचा ‘एनकेजी2डी’ ग्राही ते ओळखतो. दोन्ही बाजूंचे संकेत तोलून निर्णय होतो. ‘टॅप’ या प्रथिनाचा जन्मजात दोष असलेल्या दुर्मीळ रुग्णांत सर्वच पेशींवर एचएलए अत्यल्प असते. तरी त्यांच्या एनके पेशी स्वतःचे शरीर संपवत नाहीत, कारण त्या तिथेच वाढलेल्या आणि त्या परिस्थितीला जुळलेल्या असतात.

संरक्षण देणारा रेणू नेहमी आपल्याच बाजूचा, हेही खरे नाही. सायटोमेगॅलो विषाणू संसर्ग झालेल्या पेशीवरचे एचएलए काढून टाकतो, पण एचएलए-ईला लागणारा हुबेहूब तुकडा स्वतः पुरवतो. अनेक कर्करोगाच्या गाठीही एचएलए-ईच्या आडोशाने तगतात. म्हणूनच एनकेजी2ए अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या झाल्या.

सर्वांत त्रासदायक समज गरोदरपणाबद्दल आहे. ‘एनके पेशी वाढल्या, त्या गर्भावर हल्ला करतात’ हे ऐकून गर्भपात झालेली बाई स्वतःच्या शरीरालाच दोषी धरू लागते. हे मला फार अन्यायाचे वाटते. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातील लिम्फोसाइट पेशींपैकी सुमारे 70 टक्के एनके पेशी असतात, आणि तिथे ते स्वाभाविक आहे. अस्तरात शिरणाऱ्या वारेच्या पेशींवर एचएलए-ए आणि बी नसतात. एचएलए-सी, ई आणि जी असतात. इथल्या एनके पेशी मारण्यात मंद आहेत. आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून वारेला पुरेसे रक्त मिळवून देण्यात त्यांचा हातभार लागतो. केंब्रिजमधील अ‍ॅशली मॉफेट यांच्या गटाला 2004 मध्ये असे आढळले, की आईचे केआयआर आणि गर्भाचे एचएलए-सी यांची एक विशिष्ट जोडी असेल तर प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या विकाराचा) धोका वाढतो. त्या जोडीत एनके पेशी अधिक दबल्या जातात, म्हणजे अडचण त्या फार चवताळल्याची नसून फार रोखल्या गेल्याची असावी. हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी या गर्भाशयातल्या पेशींहून वेगळ्या असतात. त्यांच्या टक्केवारीवरून अस्तरात काय चालले आहे ते सांगता येत नाही.