लेह राहू द्या, आधी म्हैसमाळ!

तुमच्याही कॉलेज ग्रुपवर एक प्लॅन पडून असणार. पहिल्या वर्षी तो गोव्याचा असतो. मग कुणीतरी गिअरची सायकल घेतं, आणि प्लॅन थेट मनाली-लेहचा होतो. आमच्या ग्रुपचं तर नावच ‘खारदुंग ला’ आहे. माणसं सात, सायकली चार, त्यातल्या गिअरच्या दोन.

मी घरी विषय काढला तेव्हा पप्पा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “लेहचं नंतर बघू. आधी म्हैसमाळ चढून दाखव. आणि मध्ये उतरायचं नाही.”

मला हसूच आलं. म्हैसमाळ? तिथे शाळेची सहल जाते! पुढच्याच रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिघी औरंगपुऱ्यातून निघालो. आणि साडेआठच्या सुमाराला मी खुलताबादच्या पुढे सायकल हातात धरून चालत होते. शेजारून दुधाचे कॅन लावलेली एक मोपेड गेली. काका ओरडले, “बसा की बाई, चाकं आहेत त्याला!”

हा लेख त्या चालण्यातून आलाय.

घराजवळचा घाट

आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे आणि म्हैसमाळ हजार मीटरच्या आसपास. अंतर चाळीसेक किलोमीटर. छावणी, नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर इथपर्यंत रस्ता सरळ आहे. इथे सगळ्यांना आपण भारी सायकलिस्ट आहोत असं वाटतं. आम्हालाही वाटलं. गप्पा, गाणी, सेल्फी सगळं याच टप्प्यात उरकलं.

मग देवगिरी किल्ला दिसायला लागतो आणि रस्ता वर उचलला जातो. दौलताबादचा घाट फार लांब नाही, पण पहिला असल्यामुळे लागतो. जुना रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीच्या दरवाजातून जातो. दरवाजा अरुंद आहे. समोरून मोठी गाडी येत असेल तर तुम्ही थांबा, ती थांबणार नाही. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणली. ती माणसं इतक्या लांबून आली, आपल्याला पंधरा किलोमीटर जड जातात, असं मनात म्हणायचं आणि पॅडल मारायचं.

घाट संपला की कागजीपुरा लागतो, हातकागदासाठी ओळखलं जाणारं गाव. त्यापुढे खुलताबाद. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री भद्रा मारुतीला पायी गेला असाल तर हा रस्ता तुमच्या पायांना माहीत आहे. चालताना जो चढ जाणवतही नाही, तो सायकलवर मात्र बरोबर मांड्यांत येऊन बसतो. खुलताबादहून म्हैसमाळ बाराएक किलोमीटर. शेवटचा खरा चढ याच तुकड्यात आहे, आणि मी उतरले तीही इथेच.

दम नेमका कुठे जातो?

सपाट रस्त्यावर आपण वाऱ्याशी भांडत असतो, घाटात स्वतःच्या वजनाशी. जरा हिशेब करू. तुम्ही आणि सायकल मिळून ७० किलो धरा. एवढं वजन ५०० मीटर उंच न्यायला सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. पण आपण खाल्लेल्या ऊर्जेतला साधारण चौथा हिस्साच पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन घामात जाते. म्हणजे फक्त उंची गाठायला सव्वातीनशे किलोकॅलरी, ढोबळमानाने तीन पोळ्या. मी निघताना खाल्लं होतं अर्धं बिस्किटाचं पाकीट. मग काय होणार?

दुसरी गोष्ट गिअरची. साध्या सायकलला पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दात असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि सायकल पाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे मस्त. चढावर मात्र प्रत्येक फेऱ्याला तुम्ही स्वतःला पाच मीटर ओढत असता. गिअरच्या सायकलला पुढे २८ आणि मागे ३४ दातांची जोडी मिळाली, तर एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच जाता. वेग गोगलगायीचा, पण पाय फिरत राहतात. मी भाड्याच्या सायकलवर होते, गिअर होते, आणि मी ते घाट सुरू झाल्यावर, पूर्ण जोर लावलेला असताना बदलायला गेले. चेन उतरली. चढ दिसला की आधीच हलका गिअर टाकायचा, हे मला त्या दिवशी काळ्या हातांनी समजलं.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड

चालत का होईना, वर पोचलो. गिरिजामातेचं मंदिर, दूरदर्शनचा टॉवर, थंड वारा. फोटोही आले. त्यात मी चालत आले हे दिसत नव्हतं.

खरी गंमत परतताना झाली. माझ्या सायकलच्या मागच्या ब्रेकचं रबर घासून पार गुळगुळीत झालेलं. दुकानदाराने बघितलं नाही, मीही बघितलं नाही. एका वळणावर समोरून जीप आली, मी ब्रेक दाबला आणि सायकल तशीच पळत राहिली. रस्त्याच्या कडेला मुरूम होता, त्यात घातली. कोपर सोललं, हेल्मेटवर एक चरा आला. एवढ्यावर भागलं. हेल्मेट नसतं तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता, आणि विषय वेगळा असता.

तेव्हा हे ऐका. उतारावर ब्रेक सलग दाबून ठेवू नका, रबर आणि रिम तापतात. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर तुम्ही हँडलवरून पुढे जाल.

घाट आपल्या ओळखीचेच

घाट ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून कोकणातल्या बंदरांकडे माल जायचा तो नाणेघाटातून. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट जिंकणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. म्हणजे टूर द फ्रान्समध्ये लाल ठिपक्यांची जर्सी मिळते, तसा आपलाही मान आहे.

आपल्या जिल्ह्यातला मोठा घाट म्हणजे कन्नडजवळचा औट्रम घाट. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्याला पडलं. वर उभं राहिलात की खाली खान्देश पसरलेला दिसतो. उत्तरेकडे पडलेलं पाणी गिरणेतून तापीला मिळून अरबी समुद्रात जातं, दक्षिणेकडचं शिवनेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात. पण इथे जायची घाई करू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये पावसाने या घाटात दरडी कोसळल्या होत्या. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथे जड वाहनांना बंदी घातली, यावरूनच रस्त्याची कल्पना करा. शिवाय इथे आधी उतार येतो आणि नंतर चढ. चाळीसगावच्या बाजूला मजेत उतरलात की घरी यायला तेवढंच चढावं लागणार.

आणि लेह?

आता आमच्या ग्रुपच्या नावाकडे येऊ. लडाखी भाषेत ‘ला’ म्हणजेच खिंड, त्यामुळे ‘खारदुंग ला पास’ म्हणणं म्हणजे ‘खारदुंग खिंड खिंड’. लेह ते खारदुंग ला अंतर चाळीसेक किलोमीटर, म्हणजे औरंगपुरा ते म्हैसमाळ एवढंच! फरक उंचीत आहे. आपण साडेचारशे-पाचशे मीटर चढतो, तिथे ३,५०० वरून जवळपास ५,३६० वर जायचं असतं. आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. दर श्वासाला ऑक्सिजन तेवढाच कमी.

मनालीहून निघालात तर पावणेपाचशे किलोमीटरच्या जुन्या रस्त्यावर रोहतांग, बारालाचा ला, लाचुलुंग ला, तांगलांग ला अशा खिंडी एकामागून एक येतात. शेवटची ५,३०० मीटरच्या वर.

इथे जिमचा उपयोग मर्यादित आहे. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं, आणि तुम्ही किती फिट आहात याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. उलट फिट माणूस भराभर वर जातो आणि अडकतो. डॉक्टरांचा साधा नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. त्रास वाढत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल तर लगेच खाली. पप्पांचा ‘मध्ये उतरायचं नाही’ हा नियम तिथे उलटा होतो. तिथे वेळेवर उतरणाराच शहाणा.

आपली माणसं याहून मोठं करून आलीत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. ४,८०० किलोमीटरच्या या शर्यतीत रॉकी पर्वतातली ३,३०० मीटरची खिंडही येते. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. तिघेही डॉक्टर, म्हणजे ‘अभ्यासामुळे वेळ मिळत नाही’ हे कारण आपल्याला पुरणार नाही.

दुसरा रविवार

पहिल्या वेळी घरी आल्यावर पप्पांनी एकच विचारलं, “उतरलीस?” मी सांगून टाकलं, उतरले. ते काही बोलले नाहीत, फक्त कोपराला हळद लावली.

सहा आठवडे आम्ही दर रविवारी दौलताबाद घाटापर्यंत जाऊन परत आलो. सातव्या रविवारी निघताना पोटभर पोहे खाल्ले, ब्रेकचं रबर स्वतः बदललं. खुलताबादच्या पुढे तोच चढ, तीच जागा. यावेळी मी वर बघितलंच नाही, फक्त पुढच्या चाकासमोरची दोन हात डांबरी सडक बघत राहिले. टॉवर दिसला तेव्हा पाय थरथरत होते, पण पॅडलवर होते.

वरून फोन केला. पप्पा म्हणाले, “बरं झालं. आता उतरताना जपून.”

लेह अजून झालेलं नाही. पैसे साठायचेत, आणि आमच्यातल्या तिघांकडे अजून सायकलच नाही. पण ग्रुपवर आता फोटोंऐवजी कुणी किती चढलं ते येतं.

निघण्याआधी हे बघा

- हेल्मेट हवंच. पुढे पांढरा, मागे लाल दिवा.
- ब्रेकची रबरं, टायरची हवा, चेन आदल्या रात्रीच तपासा. भाड्याची सायकल असेल तर दोनदा.
- दोन बाटल्या पाणी, मीठ-साखर, चिक्की किंवा केळी. पंक्चर किट आणि पंप.
- पहाटे निघा, ऊन चढायच्या आत परत या. पावसाळ्यात धुकं असेल तर घाट नकोच.
- एकटं जाऊ नका. कोणत्या रस्त्याने जाताय, कधी परत येणार, हे घरी सांगून निघा. आणि उतरलात तर तेही खरं सांगा.