नक्षत्रांची चिटणिशी

एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीसपद मी काही वर्षे सांभाळलेले असल्यामुळे, कोणत्याही संस्थेचा इतिहास चाळताना तिच्या अध्यक्षांच्या तसबिरींपेक्षा तिचे पावतीपुस्तक, तिची घटना आणि तिच्या सभांतील खडाजंगी यांकडे माझे लक्ष आधी वळते. आणि म्हणूनच, कागदावर आकाशगंगांची साम्राज्ये उभारणारी व मोडणारी मंडळी स्वतःचा एवढासा संघ चालवू लागली म्हणजे त्यांच्या कारभाराचे काय होते, याविषयी मला जुने कुतूहल आहे. अमेरिकेतील विज्ञानकथाकारांच्या संघाने ते पुरेपूर भागविले. या संघात वेतन घेणारे मोजके नोकर अलीकडच्या काळात आले असले, तरी अध्यक्षापासून समितीच्या सदस्यापर्यंत निवडून आलेला प्रत्येक माणूस बिनपगारी असून, स्वतःच्या कादंबरीचे प्रकरण अर्धे टाकून तो दुसऱ्याच्या तक्रारीचा मसुदा लिहीत बसलेला असतो.

‘सायन्स फिक्शन रायटर्स ऑफ अमेरिका’ हा संघ १९६५ साली डेमन नाइट यांनी स्थापन केला. नाइट स्वतः कथाकार व संपादक होते आणि टीकाकार म्हणून त्यांचा दरारा होता. पेनसिल्व्हेनियातील मिल्फर्ड या लहानशा गावी व्यावसायिक लेखकांच्या ज्या वार्षिक बैठका १९५६ पासून भरू लागल्या, त्यांच्या प्रवर्तकांपैकीही ते एक होते. पहिले अध्यक्ष तेच झाले, आणि चिटणीस व खजिनदार ही दोन्ही ओझी धाकटे लॉइड बिगल यांच्या खांद्यावर आली. खजिनदार झालेल्या माणसास कल्पना सुचतात त्या बहुधा पैशाच्याच, त्याप्रमाणे बिगल यांनी सुचविले की वर्षातील निवडक कथांचा एक संग्रह काढावा व त्याच्या उत्पन्नातून संघाचा खर्च भागवावा. निवड करायची तर सभासदांची मते घ्यावयास हवीत, मते घेतली तर विजेत्यास काही द्यावयास हवे, आणि दिले तर चारचौघांत मेजवानी करून द्यावयास हवे, अशा क्रमाने त्या सूचनेला फांद्या फुटत जाऊन ‘नेब्युला’, म्हणजे तेजोमेघ, या नावाचे पारितोषिक जन्मास आले, आणि कादंबरीसाठीचे पहिले पारितोषिक फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ला मिळाले. पारदर्शक ठोकळ्यात चमचमणारा तेजोमेघ व खाली स्फटिक, हे त्या स्मृतिचिन्हाचे रेखाटन नाइट यांच्या पत्नी, लेखिका केट विल्हेल्म यांचे. जगभर मिरविले जाणारे हे चिन्ह मुळात जमाखर्चाची तोंडमिळवणी करण्याच्या खटपटीतून निघाले, ही गोष्ट मला फार लोभस वाटते.

पुढे १९९० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत नावात ‘फँटसी’, म्हणजे अद्भुतकथा, हा शब्द दाखल झाला, आणि २०२२ मध्ये ‘अमेरिका’ जाऊन तेथे ‘असोसिएशन’ आले. दोन्ही प्रसंगी इंग्रजी आद्याक्षरांचे लघुरूप मात्र होते तेच ठेवता आले. त्यातली सोय ज्याने शिक्के व छापील कागद बदलण्याचा खर्च सोसला आहे त्यालाच कळेल.

सभासद कोणास करावे, हा लेखकसंघापुढील सर्वांत नाजूक प्रश्न. वाचक व हौशी लेखक यांना दार उघडले तर धंद्याची संघटना म्हणून प्रकाशकावर वजन पडत नाही, आणि फार घट्ट लावून घेतले तर आत प्रौढांचा क्लब उरतो. संघाने बराच काळ यावर असा तोडगा काढला होता की, ठरावीक दराने मोबदला देणाऱ्या नियतकालिकांत तीन कथा अथवा तशाच प्रकाशकाकडे एक कादंबरी विकली गेलेली असावी. कथेचा हा दर शब्दामागे पाच सेंट होता, तो २०१४ मध्ये सहा व २०१९ मध्ये आठ सेंट झाला. संघाच्या हाती कायद्याचे बळ कसलेच नव्हते. परंतु ‘येथे छापून आलेली कथा सभासदत्वास ग्राह्य’ एवढ्या एका शेऱ्यासाठी मासिके आपला दर त्या रेषेपर्यंत चढवीत, आणि ज्या नवख्या लेखकाने संघाचे नावही ऐकले नसेल त्याच्या पाकिटात चार डॉलर अधिक पडत. २०२२ पासून ही मोजणी गेली व एकूण कमाईचा निकष आला: सहयोगी सभासदास शंभर डॉलर, पूर्ण सभासदास एक हजार.

घटनेतील कलमे किती धारदार असू शकतात, हे पोलंडचे स्तानिस्वाव लेम यांच्या प्रकरणात दिसले. १९७३ साली संघाने लेम यांना सन्माननीय सभासदत्व दिले. लेम यांचे अमेरिकन विज्ञानकथेविषयीचे मत अतिशय प्रतिकूल होते, आणि ते त्यांनी जर्मन वृत्तपत्रात मांडले. त्याचा इंग्रजी अवतार सभासदांच्या हाती पडताच संताप उसळला. तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले की, जो लेखक साध्या सभासदत्वास पात्र नाही त्यालाच सन्माननीय करता येते, आणि लेम यांची पुस्तके तर अमेरिकेत प्रसिद्ध झालेली होती! त्या कलमाचा आधार घेऊन १९७६ मध्ये सन्मान काढून घेण्यात आला आणि वर्गणी भरून साधे सभासद होण्याची वाट मोकळी ठेवण्यात आली, जी लेम यांनी अर्थातच धरली नाही. कलम खरे होते, हे चिटणीस या नात्याने मी मान्य करीन. परंतु ते तीन वर्षे कोणास आठवले नाही आणि राग आल्यावर आठवले, येथे कारभाराची नियत उघडी पडते. अर्सुला ले ग्विन यांनी निषेध म्हणून नेब्युलाच्या स्पर्धेतून आपली कथा मागे घेतली. त्या वर्षी त्या गटातील पारितोषिक आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘द बायसेंटेनियल मॅन’ला गेले, म्हणजे शीतयुद्धातील असहिष्णुतेविरुद्ध उचललेल्या पावलाचा लाभ, ले ग्विन यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, शीतयुद्धाच्या एका कट्टर पुरस्कर्त्याच्या पदरात पडला.

परंतु अशी वादळे पाहून संस्था तोलणे अन्यायाचे होईल, कारण तिचे खरे काम अबोल आहे. सभासदाचे मानधन अडले, हिशेब आला नाही, करारात नसलेला हक्क प्रकाशकाने परभारे विकला, की तक्रार समितीकडे अर्ज जातो, आणि समितीवरचा कोणी लेखक, वाच्यता न करता, पत्रे लिहून तडजोड घडवितो. ही पत्रे निष्फळ ठरली म्हणजेच प्रकरण चव्हाट्यावर येते, जसे २०२० च्या नोव्हेंबरात ॲलन डीन फॉस्टर यांचे आले. ‘स्टार वॉर्स’चे पहिले कादंबरीरूप १९७६ मध्ये जॉर्ज लुकस यांच्या नावाने प्रसिद्ध झाले, तरी ते लिहिले होते फॉस्टर यांनी, आणि करारान्वये त्यांना स्वामित्वधन मिळत असे. २०१२ मध्ये लुकसफिल्म डिस्नीने विकत घेतली. पुढे फॉक्सही घेतली, आणि तिच्याबरोबर फॉस्टर यांच्या ‘एलियन’ कादंबऱ्याही आल्या. पुस्तके विकली जात होती, पैसे मात्र थांबले. डिस्नीची भूमिका, संघाने सांगितल्याप्रमाणे, अशी की आम्ही हक्क खरेदी केले, देणी नव्हे. आपल्याकडे जमीन घेणारा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा आधी वाचतो. शेत माझे आणि बोजा मात्र पूर्वीच्या मालकाचा, असे तो तलाठ्यासमोर म्हणाला, तर चावडीवरचे सारे हसतील. संघाच्या तेव्हाच्या अध्यक्ष मेरी रॉबिनेट कोवाल यांनी प्रश्न जाहीर मांडला, रहस्यकथा, भयकथा व प्रणयकथा लिहिणाऱ्यांच्या संघटनाही सोबत आल्या, आणि फॉस्टर यांचा तंटा पुढच्या वर्षी मिटला. त्याच जातीच्या इतर लेखकांची प्रकरणे त्यानंतरही चालू राहिली.

नवोदितांना नाडणाऱ्या भामट्या प्रकाशकांवर नजर ठेवण्याचे काम ॲन क्रिस्पिन व व्हिक्टोरिया स्ट्रॉस यांनी १९९८ पासून संघाच्या आश्रयाने सुरू केले, आणि त्याचा लाभ सभासद नसलेल्यांनाही मिळतो. ‘आम्ही चोखंदळ आहोत’ असे मिरविणाऱ्या अशाच एका प्रकाशनाची परीक्षा पाहण्यासाठी या वर्तुळातील काही लेखकांनी ‘अटलांटा नाइट्स’ नावाची जाणूनबुजून भिकार कादंबरी लिहिली. तिच्यात एक प्रकरण गहाळ, एक शब्दशः दोनदा छापलेले आणि एक संगणकाने जुळविलेले होते. २००४ च्या डिसेंबरात ती स्वीकारली गेली. माझ्या माहितीतल्या लेखकसंघांच्या कार्यात इतके निर्मळ हास्य दुसरे नाही.

स्वयंसेवेचा उत्साह कधी उलटतोही. २००७ साली संघाच्या उपाध्यक्षांनी चोरट्या प्रतींविरुद्ध नोटीस बजावली, ती असिमॉव्ह आणि सिल्व्हरबर्ग ही नावे शोधून निघालेल्या यादीच्या भरवशावर. त्या यादीत कोरी डॉक्टरो यांनी स्वतः मोफत वाटलेली कादंबरीही सापडली, आणि ज्यांचे हक्क जपायचे त्यांचीच माफी मागण्याची पाळी आली. २०२४ च्या ऑगस्टात तर एकामागून एक दोन अध्यक्षांनी राजीनामे दिले. बिनपगारी माणसाला जाब विचारताना आवाज चढविणे सोपे असते, कारण त्याच्यापाशी गमावण्यासारखी नोकरी नसते. पण त्याच कारणाने त्याचे निघून जाणेही सोपे असते.

अमेरिकन संघ निघाला त्याच सुमारास, १९६६ मध्ये, मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिचा हेतू लेखकसंघाचा नव्हता, विज्ञानप्रसाराचा होता. तरी तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने जे घडविले ते एखाद्या संघाला हेवा वाटावा असे आहे. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेस पहिले पारितोषिक मिळाले, आणि आद्याक्षरे उलटी वाचल्यावर लेखक जयंत विष्णु नारळीकर निघाले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची नक्कल त्यांनी पत्नीकडून करवून घेतली होती. मात्र स्पर्धा लेखकाला जन्म देते, त्याच्या कराराची चौकशी करीत नाही. ती करणारे दप्तर मराठीत मी कोठे पाहिले नाही.

अमेरिकन संघाकडे आणखी एक खातेवही आहे, जिच्याकडे पारितोषिकाच्या रात्री कोणी पाहत नाही: दिवंगत लेखकांचे हक्क आता कोणाकडे आहेत, त्यांच्या वारसांशी अथवा मुखत्यारांशी संपर्क कसा साधावा, याची नोंद. जुनी कथा पुन्हा छापू इच्छिणारा संपादक तेथे विचारणा करतो आणि कोणी स्वयंसेवक नोंदी चाळून उत्तर देतो. मीही एकदा एका संग्रहासाठी दोन मराठी कथाकारांच्या वारसांना, जुन्या अंकांत सापडलेल्या पत्त्यांवर, परवानगीची पत्रे धाडली होती. दोन्ही पाकिटे ‘इसम येथे राहत नाही’ असा पोस्टमनचा शेरा घेऊन परत आली, आणि संग्रह त्या दोन कथांवाचून निघाला.