दमा आणि वेदनाशामक गोळी

डोकेदुखी, दाढदुखी वा कंबरदुखीसाठी घेतलेली साधी गोळी बहुतेकांना आराम देते. काही दमेकऱ्यांना मात्र तीच गोळी घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक चोंदते, डोळे लाल होतात, छातीत घरघर सुरू होते आणि श्वास घेणे कठीण होते. प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के व्यक्तींमध्ये हा विकार आढळतो. तीव्र दम्यात हे प्रमाण अंदाजे दुप्पट असते.

आजार ॲस्पिरिनमुळे उद्भवत नाही. नाक, सायनस व श्वासनलिका यांना आधीपासूनच सूज असते. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य ती सूज काहीशी आवरून धरते. ॲस्पिरिनमुळे ते घटते आणि श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्राईन द्रव्ये झपाट्याने वाढतात. म्हणूनच गोळ्या टाळल्याने झटका टळतो, पण मूळ आजार चालूच राहतो. तो बहुधा तिशी-चाळिशीत सुरू होतो. सतत चोंदलेले नाक, वास न येणे, शस्त्रक्रियेनंतरही नाकात पुन्हा वाढणारे मांस आणि त्यासोबत दमा, ही त्याची ओळख. अनेकांना मद्यामुळेही त्रास होतो.

केवळ ॲस्पिरिन टाळणे पुरेसे नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक ही औषधेही तोच परिणाम करतात, मग ती गोळी असो वा इंजेक्शन. सर्वाधिक फसगत होते ती मिश्र गोळ्यांमुळे: पाकिटावर पॅरासिटामॉल ठळक दिसते आणि सोबतचे ॲसिक्लोफेनॅक नजरेतून सुटते. त्यामुळे औषधाच्या दुकानात केवळ ‘दुखण्याची गोळी द्या’ असे म्हणू नये. दंतवैद्यांनाही दम्याची कल्पना आधीच द्यावी. निव्वळ पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना सोसते. एका वेळी १००० मिलिग्रॅम घेतल्यास मात्र काहींना त्रास होऊ शकतो. आपल्यासाठी योग्य मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

या विकाराचे निदान नेहमीच्या रक्त किंवा त्वचा तपासणीतून होत नाही. शंका असल्यास तज्ज्ञ रुग्णालयात देखरेखीखाली औषधाची अल्प मात्रा देऊन चाचणी करतात. ही चाचणी घरी करून पाहणे जिवावर बेतू शकते.

उपचारांत स्टेरॉइडयुक्त इन्हेलर व नाकातील फवारा नियमित घ्यावा लागतो; बरे वाटताच तो थांबवू नये. गरजेनुसार माँटेलुकास्ट, मांसवाढ काढण्याची शस्त्रक्रिया किंवा काही निवडक रुग्णांना जैविक इंजेक्शने दिली जातात. रुग्णालयात मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवून शरीराला ॲस्पिरिन सोसण्याची सवयही लावता येते. त्यानंतर ते रोज घ्यावे लागते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन सुरू असलेल्या दमेकऱ्यांनी ते परस्पर बंद करू नये. डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा.

गोळीनंतर धाप लागल्यास रुग्णाला बसते करावे, त्याचा आराम देणारा इन्हेलर द्यावा आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घेतलेल्या गोळीचे पाकीट सोबत न्यावे.