उतरत्या भिंतीचें न्हाणीघर

उतरत्या छपराखालची खोली बहुधा अडगळीच्या वाट्याला येते. परंतु शहरांत जागा जसजशी महाग होत जाते, तसतशी घरमालकाची दृष्टि त्या खोलीकडे वळते, आणि तेथें टाइल्स बसवून शॉवरचें न्हाणीघर करावें असा बेत ठरतो. बेत चांगला आहे. मात्र येथील एक भिंत उभी नसून, स्नान करणाराच्या डोक्यावर कललेली असते. या एका कलामुळें कामाचें सारें गणित बदलतें.

पुष्कळांची समजूत अशी कीं, भिंतीला टाइल लावली म्हणजे पाण्याचा बंदोबस्त झाला. वस्तुस्थिति तशी नाहीं. टाइलच्या चकाकींतून पाणी जात नाहीं हें खरें. पण टाइलांमधील सिमेंटचे सांधे तें शोषून घेतात. उभ्या भिंतीवरून पाणी झरझर उतरतें. आंत कललेल्या भिंतीला तें थेंबाथेंबानें चिकटून राहतें. शिवाय ऊन पाण्याची वाफ वर चढते आणि थंडीच्या दिवसांत गार छपराला लागून असलेल्या याच भिंतीवर तिचें पाणी होतें. सांधे वाळावयास सवड मिळत नाहीं. मुरलेली ओल लांकडी वाशांपर्यंत किंवा स्लॅबच्या सळयांपर्यंत पोंचते. वासे कुजतात, सळया गंजतात. हें सर्व टाइलच्या आड घडत असल्यामुळें, खालच्या खोलीच्या छताला डाग पडेपर्यंत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून टाइल हा भिंतीचा पोशाख समजावा. पाणी अडविणारें कवच तिच्या मागें असलें पाहिजे.

लांकडी सांगाडा असेल तर त्यावर सिमेंटचे तक्ते ठोकावे. जिप्समचे तक्ते ओलीनें मऊ पडतात. त्यांवर जलरोधक लेपाचे दोन हात द्यावे आणि कोपऱ्यांत लेपाबरोबर कापडी पट्टी बसवावी. लेपाऐवजीं जलरोधक पत्रें लावावयाचीं असल्यास कौलांचा नियम पाळावा: खालचें आधीं, वरचें त्यावर चढवून. जमिनीला मोरीकडे फुटाला पाव इंच ढाळ ठेवावा, आणि मोरीचें तोंड बंद करून २४ तास पाणी सांठवून पाहावें.

यानंतर टाइलची पाळी. ८ मिलिमीटर जाडीच्या टाइलचें वजन चौरस फुटाला सुमारें दीड किलो भरतें. उभ्या भिंतीवर हें वजन टाइलला खालीं सरकवितें. कललेल्या भिंतीवर तें तिला भिंतीपासून ओढून काढूं पाहतें. चार कोपऱ्यांना व मध्यें सिमेंटचे गोळे लावून टाइल चिकटविण्याची रीत येथें धोक्याची आहे. दांतेरी थापीनें चिकट मसाला भिंतीवर सारखा ओढावा आणि टाइलच्या पाठीलाहि पातळ थर द्यावा. ओल्या जागीं पाठीचा किमान ९५ टक्के भाग भरलेला असावा, असा अमेरिकेंतील प्रमाण नियम आहे. टाइल्स लहान घ्याव्या. कललेली व उभी भिंत जेथें मिळतात, तेथील सांध्यांत सिमेंट न भरतां सिलिकोन भरावें; कारण छप्पर उन्हानें प्रसरण पावतें आणि ताठ सांधा तडकतो.

शॉवर उंच बाजूस असावा, म्हणजे डोकें आपटत नाहीं व भिंतीवर फवाराहि कमी पडतो. वाफ बाहेर जाण्यास खिडकी किंवा पंखा हवाच.

गवंड्याला घाई असते, घरच्यांना त्याहून अधिक. परंतु २४ तासांची ती परीक्षा टाइल बसण्यापूर्वींच उपयोगाची. नंतर सांपडलेला दोष दुरुस्त करावयाचा म्हणजे नव्या टाइल्स फोडणें आलें.